सायनाइडच्या खोलीबाहेरच्या मॅडम

"कमी वाईट आहे," असं म्हणून मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि दोन बोटांनी डोळे चोळायच्या. हे कशाबद्दलही असायचं. कँटीनचा चहा कमी वाईट. शहापूरहून किन्हवलीमार्गे येणारी एसटी कमी वाईट. एकदा त्यांना बघायला कल्याणचा कुणी मुलगा येऊन गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही आडून आडून विचारलं, कसा होता? मॅडमनी चष्मा वर केला. "कमी वाईट होता." पुढे ते जमलं नाही, आणि आम्हीही परत विचारलं नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, कौतुक करताना हात आखडता घेणारं. आमच्या कँटीनवाल्याला तर एवढा राग आला की एक दिवस त्याने फळ्यावर खडूने लिहून ठेवलं, 'आजची भाजी : कमी वाईट.' मॅडमनी ते वाचलं, पानात दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली आणि जाताना म्हणाल्या, "आज खोटं लिहिलंत. चांगली होती." कँटीनवाला दिवसभर हवेत होता.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. औषधाच्या गोळ्या आम्ही करत नाही. त्या गोळ्या ज्याच्यापासून बनतात त्याच्याही आधीची पावडर करतो. तिला नायट्राइल म्हणतात. मी तिथं शिफ्ट बघतो. गाव वैशाखरे, आडनाव विशे, डोक्यावरचे केस याच कारखान्यात गेले. मॅडम प्रयोगशाळेत होत्या, नव्या रीती शोधून काढणं त्यांचं काम. वडील भातसा धरणावर नोकरीला, त्यामुळे बालपण भातसानगरच्या वसाहतीत. वडील गेल्यावर आई आणि त्या शहापुरात राहायला आल्या. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी डबा भरून खीर आणायच्या आणि आधी ऑपरेटर लोकांना द्यायच्या, साहेबांना नंतर. साहेबांच्या वाट्याला बहुतेक रिकामा डबा यायचा.

आता थोडं कामाचं सांगतो, त्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत. आमची ती पावडर करायची तर मूळ रसायनाला सायनाइड जोडावं लागतं. जुन्या रीतीत त्यासाठी तांब्याचं सायनाइड लागायचं. त्याची वेगळी खोली होती, प्लांटच्या मागच्या बाजूला. ड्रम तिथं, वजनकाटा तिथं, आणि काम झाल्यावर उरलेला विषारी गाळ साठवायची टाकीही तिथंच. नेमून दिलेल्या माणसांशिवाय त्या खोलीत कुणी पाऊल टाकत नसे.

त्या खोलीचा एक रिवाज होता. कुठल्या नियमपुस्तकात तो नव्हता, जुन्या ऑपरेटरांनी पाडलेला. एकाने मास्क लावून आत जायचं, दुसऱ्याने दारात उभं राहायचं, आणि आतल्याने सारखं बोलत राहायचं. काय वाटेल ते. आवाज थांबला की बाहेरच्याने मास्क चढवायचा आणि आत शिरायचं. घंटा, दिवे, वायू मोजायचं यंत्र हे सगळं नंतर आलं, पण माणसाचा विश्वास आवाजावर. त्या दारात उभं राहून मी किती जणांच्या घरातली भांडणं, म्हशींची दुखणी आणि सुनांच्या तक्रारी ऐकल्यात ते विचारू नका. मास्कमधून सगळं घुमत यायचं, अर्धं कळायचं, अर्धं लावून घ्यायचं.

आमच्यातला नामांकित बोलणारा म्हणजे महादूकाका. माझ्याच गावचे, माझ्याहून वयाने मोठे. त्यांची आत जायची पाळी असली की दारात उभं राहायला माणसं आपणहून यायची, फुकटचा तमाशा. प्रयोगशाळेच्या माणसाने तिथं उभं राहायची काही गरज नव्हती, पण मॅडमसुद्धा यायच्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली ती बाई त्या दारात पोट धरून हसताना मी पाहिली आहे.

एकदा महादूकाका लग्नाच्या वऱ्हाडाची गोष्ट सांगत होते. माळशेज घाटात नवऱ्यामुलाची जीप बंद पडली, आणि करवली खाली उतरून... इथं मास्कमधून नुसतं गुरगुर ऐकू आलं. मॅडम दारातून ओरडल्या, "काय? ऐकू नाही आलं! परत सांगा!" आता सांगणाऱ्याला गोष्टीचा ऐन भाग वाया गेलेला कसा सोसवणार? महादूकाकांनी मास्क उचलला.

त्या दिवशी बाहेरच्या पाइपातून आम्लाचं पाणी झिरपून गाळाच्या टाकीत उतरलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ल आणि तो गाळ एकत्र आले की जो वायू सुटतो त्याला माणूस आडवा करायला फार वेळ लागत नाही. "परत सांगतो, ती करवली..." एवढं आम्ही स्वच्छ ऐकलं. त्यानंतर काही नाही.

मॅडम माझ्या आधी आत शिरल्या. मास्क लावून आम्ही दोघांनी काकांना काखेत धरून बाहेर ओढलं, नाकाशी उताऱ्याच्या औषधाची कुपी फोडून धरली, गाडीत घातलं. कल्याणच्या रस्त्यावर मॅडम त्यांच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या, श्वास चालू आहे का बघायला. काका वाचले. उजवा हात मात्र तेव्हापासून थरथरतो. चहाचा कप डाव्या हाताने धरतात.

इस्पितळात काका शुद्धीवर आल्यावर मॅडमनी त्यांना विचारलं, "काका, मग पुढं काय झालं? ती करवली?" "आठवत नाय मॅडम. कोनती करवली?" मॅडम बाहेर आल्या आणि कॉरिडॉरच्या बाकावर बसल्या. मला म्हणाल्या, "विशे, मी परत सांगा म्हटलं म्हणून त्यांनी मास्क काढला." मी म्हटलं, मॅडम, पाइप गळत होता, तुमचा काय दोष. त्या म्हणाल्या, "पाइपाचा पाइपाला. माझा मला." मग चष्मा न काढताच त्यांनी डोळे पुसले. "ती खोली बंद झालेली मला बघायचीय. बाकी काही नको."

महादूकाका कामावर परत आले तेव्हा त्यांनी एक बदल केला. मॅडमना मॅडम म्हणेनासे झाले, 'बाय' म्हणू लागले. आपल्याकडे लेकीला म्हणतात तसं.

इथून मॅडमचा खरा शीण सुरू झाला.

पिवळ्या खड्यांचं एक रसायन असतं, पोटॅशियम फेरोसायनाइड. त्यातही सायनाइडच, पण लोखंडाने ते मुठीत घट्ट आवळून धरलेलं. सहजासहजी सोडत नाही, म्हणून घातकही नाही. ही मूठ सोडवायला पॅलेडियम नावाचा धातू लागतो, तोही चिमूटभर. मॅडमनी आम्हाला समजावलं होतं, "हा लग्न जुळवणारा मध्यस्थ आहे. इकडून एक घेतो, तिकडे नेऊन जोडतो, परत येतो, दुसरं घेतो. स्वतः कुणाच्या घरात राहत नाही." महादूकाका म्हणाले, "मग जेवतो कुठं?" मॅडम म्हणाल्या, "तोच तर खर्च आहे, काका. महाग मध्यस्थ आहे." ही रीत मॅडमनी शोधलेली नव्हती, जगात माहीत होती. आमच्या रसायनावर, आमच्या गंजक्या प्लांटात ती चालवून दाखवायची, हे त्यांचं काम होतं.

पिवळ्या पावडरीच्या पहिल्या गोण्या आल्या तेव्हा गोणीवरचं नाव वाचून सगळे ऑपरेटर चार पावलं मागे सरले. वर्षानुवर्षं खरं सायनाइड हाताळणारी माणसं! पण दुधाने तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो. मॅडम धीर द्यायला म्हणाल्या, "अहो, हे मिठात घालतात, किंचित. मीठ मोकळं राहावं म्हणून. तुम्ही रोज खाता." झालं. दुसऱ्या दिवशी कळलं की महादूकाकांच्या घरातून पुडीचं मीठ उकिरड्यावर गेलं आणि खडेमीठ आलं. त्यांच्यामागून सगळ्या आळीने तेच केलं. मॅडमनी कपाळावर हात मारला. "मी पावडरीची भीती घालवायला गेले आणि यांनी मीठ टाकलं."

पण एका ऑपरेटरने "म्हणजे हे सेफ ना?" असं विचारल्यावर त्या एकदम गंभीर झाल्या. "नाही. कडक आम्लात तापवलंत तर हेही मूठ सोडतं. सेफ म्हणू नका. कमी वाईट म्हणा आणि जपून वागा." त्या दिवशी मला कळलं की त्या दोन शब्दांत कंजूषपणा नव्हता. चांगलं म्हटलं की माणूस मास्क उचलतो, याची त्यांना धास्ती होती.

प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत रीत झकास चालायची. पांढरीशुभ्र पावडर. प्लांटच्या मोठ्या भांड्यात घातली की घोडं अडायचं. झाकण उघडलं की आतल्या भिंतीवर काळी काजळी, आणि खाली न बदललेला माल. ती काजळी म्हणजे मेलेला पॅलेडियम. कारखान्याचे मालक शेठ वाकून बघायचे, कपाळाला आठी घालायचे आणि काही न बोलता निघून जायचे. बोलले असते तर बरं झालं असतं.

मॅडमनी सगळं तपासलं. पावडर ओली आहे का, हवा शिरते का, तापमान चुकतं का. दुपारी जेवायच्या वेळी त्या रिकाम्या भांड्याच्या तोंडाशी विजेरी घेऊन वाकलेल्या असायच्या. भाकरी-सुकटीचा डबा तसाच परत शहापूरला जायचा, आणि त्यांच्या आई फोन करून माझ्यावर रागवायच्या, "तुमी काय करता तिथं? पोरगी जेवत नाय." मी काय सांगणार? मी म्हणायचो, जेवतील आई, आज जेवतील.

शेवटी शेठ बोलले. आणखी एक बॅच. तीही गेली तर हा नाद बंद, जुनी रीत चालू राहील, आणि खोलीला नवीन पंखा बसवून देतो. पंखा! मॅडम त्या दिवशी आल्या आणि ड्रमवर बसल्या. असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

महादूकाका तिथंच झाडत होते. हात थरथरायला लागल्यापासून त्यांना हलकं काम दिलं होतं. बाय उदास दिसते म्हणून त्यांनी आपल्या परीने समजूत घातली. "बाय, तू काळजी करू नको गो. आमी काय कसर ठेवत नाय. तुझी बॅच असली का मी पोरांना सांगतो, भांडं हायपोनं धुवा, आन परत धुवा. तुझ्या कामाला तर जास्तच धुतो आमी."

मॅडमनी मान वर केली.

हायपो म्हणजे ब्लीचिंगचं पाणी. सायनाइडचा अंश मारायला तेच वापरतात. जुन्या रीतीत प्रत्येक बॅचनंतर भांडं हायपोने धुवायचं, आणि ते मनापासून धुवायचं, कारण पुढे हात घालणारा आपलाच माणूस असतो. 'पुढच्यासाठी धुणं' असं म्हणत आमच्याकडे. कुणी त्यात कामचुकारपणा केला तर त्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नसे. नव्या रीतीत पॅलेडियमसोबत एक नाजूक रसायन लागतं, त्याला सांभाळणारं. त्याला हायपोचा थेंब लागला की ते नासतं, आणि पॅलेडियम उघडा पडून काजळी होऊन बसतो. भांड्याच्या तळातल्या नळीत, झाकणाच्या खोबणीत तो थेंब राहत होता. आणि मॅडमच्या बॅचला जास्त प्रेमाने धुतल्यामुळे जास्तच राहत होता.

मॅडमनी भांड्याकडे बघितलं. मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि काका घाबरले, "काय चुकलं का बाय?" त्या म्हणाल्या, "नाही काका. तुम्ही धुवा. तुमचं धुणं बंद करायचं नाही. त्याच्यानंतर मी धुते." त्या दिवसापासून हायपोनंतर गरम पाणी, मग सॉल्व्हंट, मग कोरडी हवा, असा क्रम लागला. आणि शेवटच्या खंगाळणीला मॅडम स्वतः उभ्या राहिल्या.

ती बॅच निघाली. झाकण उघडल्यावर भिंती स्वच्छ होत्या आणि गाळणीवर पांढरा माल. शेठनी तो चिमटीत धरून बघितला, मॅडमकडे बघितलं. "चांगला आहे," शेठ म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "पॅलेडियमचा अंश किती राहिलाय ते बघूया आधी." तोही कमी निघाला. आम्ही पेढे मागवले. गोष्ट इथं संपली असती तर मीही सुखाने सांगितली असती.

पण औषधाच्या धंद्यात रीत बदलली की गिऱ्हाइकाची परवानगी लागते. ते नमुने नेतात, तपासतात, साठवून ठेवतात, पुन्हा तपासतात, परदेशात कागद पाठवतात. तोवर माल जुन्या रीतीनेच द्यायचा. म्हणजे येरे माझ्या मागल्या. नवी रीत कपाटात, आणि मागच्या खोलीत तेच ड्रम, तोच मास्क. पावसाळा गेला, भात कापून झालं, पुन्हा पेरण्या आल्या. मॅडम दर बॅचला प्रयोगशाळेतून उतरून त्या दारात उभ्या राहायच्या. आता हसायच्या नाहीत. आतला काहीही बोलला तरी "हं, हं" एवढंच म्हणायच्या, आणि ऐकू नाही आलं असं चुकूनही म्हणायच्या नाहीत.

मी एकदा म्हटलं, "मॅडम, तुम्ही कशाला दर वेळी? मी आहे ना." त्या म्हणाल्या, "तुम्ही आहातच. पण एखाद्या बॅचला मी नसताना काही झालं तर?" त्या फार थकल्या होत्या, विश्रांतीने जाईल असा तो थकवा नव्हता.

आणि मग वरून हुकूम आला की प्रयोगशाळा कंपनीच्या गुजरातेतल्या मोठ्या कारखान्यात हलवायची. इथली रीत तर बसली, आता इथं शोधायचं काय राहिलं? ज्यांना यायचं त्यांनी तिकडे यावं. मॅडमची आई थकलेली, तिला सोडून जाणं शक्य नव्हतं. मॅडमनी राजीनामा दिला. मला तेव्हा शेठचा, त्या गिऱ्हाइकाचा, सगळ्यांचाच संताप आला होता. अजूनही येतो. काम फत्ते झालं म्हणून माणूस नकोसा होतो, हे मला काही केल्या पटत नाही.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. शेठनी शाल दिली. मॅडम दोनच वाक्यं बोलल्या. त्यातलं एक आभाराचं होतं. दुसरं महादूकाकांना उद्देशून होतं, "काका, खोली बंद होईपर्यंत तुम्ही तिकडे फिरकायचं नाही." जीपपर्यंत पोचवायला आम्ही दोघे गेलो. काकांनी डाव्या हाताने जीपचं दार लावलं. "येत जा गो बाय," म्हणाले. त्या आल्या नाहीत. कशाला येतील? ती खोली चालूच होती.

परवानगी आली ती पुढच्या उन्हाळ्यात. ड्रम न्यायला परवानाधारक लोकांची गाडी आली. गाळाची टाकी उपसली, निष्प्रभ केली, कापून भंगारात गेली. वेल्डरने लोखंडी दाराची बिजागरं तोडली आणि दार भिंतीला टेकवून ठेवलं. पहिल्यांदाच त्या खोलीत सरळ ऊन पडलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं, चार भिंती आणि फरशीवर वजनकाट्याचा चौकोनी डाग. सकाळचे अकरा वाजले असतील. मी तिथूनच शहापूरला फोन लावला.

फोन आईंनी घेतला. "शिकवते पोरांना. सुट्टीची शिकवणी हाय. थांब, देते."

"बोला विशे," मॅडम म्हणाल्या. आवाज तोच, दमलेला.

"मॅडम, खोली बंद झाली."

त्या म्हणाल्या, "ड्रम?"

"गेले. पावती बघूनच सही केली."

"टाकी?"

"कापली."

"आत कोण आहे आत्ता?"

"कोणी नाही. दारसुद्धा काढलं मॅडम."

"काका?"

"बाहेर सावलीत बसलेत. बरे आहेत. फोन देऊ?"

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे." पलीकडे मुलं पाढे की सूत्रं काहीतरी एका सुरात म्हणत होती. मग मॅडम म्हणाल्या, "बरं झालं विशे. मी जरा पडते आता."

मला वाटलं फोन ठेवला. ठेवला नव्हता, तसाच कुठंतरी टेकवला होता. मला आईंचा आवाज आला, "काय गो, बरं नाय का तुला? दिवसाची कदी पाठ टेकत नाय तू." आणि मॅडम म्हणाल्या, "बरं आहे आई. झोप आलीय."

मग चटई ओढल्याचा आवाज आला. पाढे थांबले. आई दबक्या आवाजात मुलांना सांगत होत्या, "जावा रे घरी. हळू जावा. ताई झोपली." मुलांची पावलं वाजेनाशी होईपर्यंत मी फोन कानाला धरून होतो, मग मीच तो बंद केला.